अपुऱ्या दिवसांच्या बाळाचीं हाडें

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यांत दूरदूरच्या गांवांहून आलेलीं असंख्य कुटुंबें आज नांदत आहेत. पूर्वीं जीं सातमाशी बाळें हातीं लागत नसत, तीं आतां येथील इस्पितळांत वाढून घरीं येतात. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु जीव वांचला म्हणजे काळजी सरली, असें मात्र नव्हे.

हाडांस लागणाऱ्या चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, व स्फुरदाचा सुमारें ८० टक्के सांठा बाळास गर्भांत शेवटल्या तीन महिन्यांत मिळतो. अपुऱ्या दिवसांचें बाळ त्यासच मुकतें. आईचें दूध त्याचें उत्तम अन्न खरें. पण १५०० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळास त्यांतील हे क्षार पुरत नाहींत. म्हणूनच डॉक्टर दुधांत घालावयाची पूरक पूड किंवा निराळें औषध देतात. तें मनानें बंद करूं नये.

हा दोष डोळ्यांस दिसत नाहीं. बाळ अंग धरतें, हांसतें. हाडें मात्र ठिसूळ असूं शकतात. क्ष-किरणांच्या चित्रांतहि हाडांतील क्षार बरेच घटल्यावरच तो उमटतो. यास्तव चवथ्या ते सहाव्या आठवड्यांत रक्त तपासून त्यांत अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलें कीं काय व स्फुरद उतरलें कीं काय, हें पाहतात. जरूर तर एकदोन आठवड्यांनीं पुनः पाहतात. नेमका हाच काळ आपल्याकडील सव्वा महिन्याचा! उंबरठा ओलांडावयाचा नाहीं म्हणून तपासणीची तारीख टळते.

“कोवळें ऊन दाखवा, बस्स!” असें वडीलधारीं सांगतात. ‘ड’ जीवनसत्त्व अवश्य हवें व तें डॉक्टरांनीं सांगितलेल्या मात्रेनें द्यावें. परंतु उन्हानें अंगांत नसलेला चुना व स्फुरद निर्माण होत नाहीं. तीच गोष्ट मालिशची. हलक्या हाताच्या स्पर्शास आमचा विरोध नाहीं. पण अशा बाळाचे हातपाय ओढून रगडल्यास हाड मोडूं शकतें, आणि बाळ केवळ रडतें किंवा एक हात कमी हालवतें. डॉक्टरांस विचारल्यावांचून मालिशवाल्या बाईच्या हातीं तें देऊं नये.

चाकणच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या बापास तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेला रोज. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईच्या घरीं असें बाळ असेल, तर त्या दिवशीं तिला पगारी सुटी द्यावी, एवढी आमची वाचकभगिनींस विनंती आहे.