आधी तापमान मोजा, मग यंत्र घ्या

उन्हाळा सुरू झाला की इंदापूर, बारामती, भिगवण या बाजारपेठांत कूलर आणि एअर कंडिशनरची खरेदी जोरात सुरू होते. व्यापारी बांधव हजारो रुपये खर्चून यंत्र बसवतात. परंतु दुकानात दुपारी दोन वाजता नेमके किती तापमान असते, गोदामात रात्री किती दमटपणा असतो, असे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. तराजूशिवाय दुकान मांडणारा व्यापारी सापडणार नाही, मग हवेच्या बाबतीत अंदाजावर भिस्त का? आता तापमान मोजणारे आणि त्यानुसार पंखा, कूलर किंवा एसी आपोआप चालू-बंद करणारे साहित्य छोट्या दुकानदारालाही परवडते. म्हणून त्याची माहिती करून घेणे फायद्याचे आहे.

आपल्याच भागातील उदाहरण

हे तंत्र मोठ्या शहरांतील बंगल्यांपुरते आहे, असा समज आहे. तो बरोबर नाही. बारामती-इंदापूर भागात कुक्कुटपालनाचा धंदा मोठा आहे आणि बंदिस्त शेडमध्ये हेच काम रोज चालते. एक दिवसाच्या पिलाला सुमारे ३३ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी कमी करावी लागते. थंडी वाजली की पिले ब्रूडरखाली एकमेकांवर गर्दी करतात, उष्मा झाला की दूर पळून धापा टाकतात. जाणता माणूस हे डोळ्यांनी ओळखतो, पण रात्री अडीच वाजता कोण पाहणार? तेथे तापमान मोजणारा सेन्सर उपयोगी पडतो. तो पंखे आणि ओले पॅड चालू-बंद करवतो आणि बिघाड झाला तर घंटी वाजवतो. अशा शेडमध्ये जनरेटर मात्र हवाच. वीज गेली आणि पंखे थांबले तर भर उन्हाळ्यात थोड्याच वेळात पक्षी दगावतात.

शेतीतही हे आले आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने उसावर जो प्रयोग सुरू केला आणि ज्याची २०२४ पासून देशभर चर्चा झाली, त्यात शेतातील हवामान आणि जमिनीचा ओलावा मोजणारी साधनेच आधाराला आहेत.

यंत्र काम कसे करते?

याचे तीन भाग असतात. सेन्सर तापमान मोजतो, कंट्रोलर ते ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहतो, आणि रिले किंवा कॉन्टॅक्टर विजेचा प्रवाह जोडतो अथवा तोडतो. समजा ३० अंशांवर पंखा सुरू आणि २८ अंशांवर बंद, असे ठरवले. हा दोन अंशांचा फरक ठेवावाच लागतो, नाहीतर यंत्र मिनिटामिनिटाला चालू-बंद होऊन खराब होते. एसी किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्यापूर्वी सुमारे तीन मिनिटांचा अवकाशही ठेवावा.

यंत्राने स्वतःच स्वतःला आवरावे, ही कल्पना आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी ‘किताबुल हियल’ या ग्रंथात पाण्याची पातळी आपोआप राखणाऱ्या युक्त्यांचे वर्णन केले. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपात कॉर्नेलिस ड्रेबेल याने पाऱ्याच्या साह्याने भट्टीचे आणि अंडी उबवण्याच्या पेटीचे तापमान राखून दाखवले.

मालाप्रमाणे माप

प्रत्येक धंद्याचे माप वेगळे आहे. बागवान बांधवांनी लक्षात ठेवावे की डाळिंब ५ ते ७ अंशांत चांगले टिकते. केळी मात्र १३ अंशांच्या खाली नेली तर काळी पडतात. दोन्ही माल एका खोलीत ठेवणे म्हणजे एकाचे नुकसान ठरलेलेच. मांस विक्रेत्यांचा फ्रिज ४ अंशांच्या आसपास आणि डीप फ्रीजर उणे १८ अंशांवर असावा. मेडिकलवाल्यांचे इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिले पाहिजे.

आम्हा कापडवाल्यांना उष्म्यापेक्षा दमटपणाची भीती जास्त. हवेतील आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की गठ्ठ्यांना कुबट वास येतो, बुरशीचे चट्टे पडतात, जर काळवंडते. उलट मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या विणकराला कोरडी हवा नको असते, कारण सुती धागा तुटतो. त्याला साधारण ७५ ते ८५ टक्के आर्द्रता लागते.

इंदापूर तालुका पर्जन्यछायेत आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा कोरडी असते, म्हणून पाण्याचा कूलर येथे चांगले काम देतो आणि वीजही कमी खातो. पावसाळ्यात मात्र तोच कूलर ओलावा वाढवतो. आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे गेली की कूलरचा पाण्याचा पंप बंद व्हावा आणि नुसता पंखा चालावा, अशी जोडणी करता येते.

विजेचे बिल

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून नवे स्टार लेबल असलेले एसी २४ अंशांवरच सुरू होतील, असे ठेवले गेले. एसी एक अंश वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगतो. समजा २० अंशांवर महिन्याला ३०० युनिट जळतात, तर २४ अंशांवर सत्तरएक युनिट वाचतील. मशीद कमिट्यांनीही याचा विचार करावा. नमाजच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि जुम्याला गर्दी वाढते, त्यामुळे नुसत्या घड्याळावर चालणारा टायमर पुरत नाही. लोकांनी दिलेला पैसा ही अमानत आहे, रिकाम्या सभागृहात एसी चालणे हा इसराफच होय.

घेताना काय पाहावे?

सेन्सर उन्हाने तापलेल्या भिंतीवर किंवा एसीच्या झोतासमोर लावू नये, मालाच्या उंचीवर लावावा. दीड टनाचा एसी छोट्या रिलेवर चालवू नये, योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर, एमसीबी आणि अर्थिंग हवेच. इंटरनेट बंद पडले तरी काम चालू राहील, असाच कंट्रोलर घ्यावा. मोबाईल केवळ पाहण्यासाठी असावा. हाताने चालवायचे बटण कायम ठेवावे. मोबाईलचा मूळ पासवर्ड लगेच बदलावा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

येथे आपल्या तरुणांना रोजीही आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलेल्या मुलाने कंट्रोलर बसवण्याचे हुनर शिकून घेतले तर दुकाने, बेकऱ्या, पोल्ट्री, शीतगृहे अशी गिऱ्हाइके त्याला गावातच मिळतील.

खरेदीची घाई मात्र करू नये. काही शे रुपयांत तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर मिळते. ते आठवडाभर दुकानात आणि आठवडाभर गोदामात टांगावे. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री दहा वाजता आकडे हिशेबाच्या वहीत लिहावेत. पत्र्याला चुना मारून आणि समोरासमोर दोन खिडक्या उघडून किती अंश उतरतात, तेही पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मे काम होते. उरलेल्यासाठी कोणते यंत्र आणि किती मोठे घ्यायचे, हे त्या वहीतल्या आकड्यांवरूनच ठरवावे.