धानाचा भाव कुठे पडतो?

२०२४-२५ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. गोंदियात तो मिळतो मार्केटिंग फेडरेशन किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत केंद्रांवर. तिथे सातबारा, ऑनलाइन नोंदणी, मोजणीची रांग आणि मग चुकाऱ्यांची वाट. डोक्यावर उधारी असलेल्याला इतके थांबणे परवडत नाही. खासगी व्यापारी रोख मोजतो, म्हणूनच भाव पाडू शकतो. हा सौदा बरोबरीचा नाही.

या केंद्रांवर खरेदी झालेला सरकारी धान भरडाईला राइस मिलमध्ये जातो. मिलला क्विंटलमागे ६७ किलो अरवा (न उकडलेला) तांदूळ परत द्यावा लागतो, उसना (उकडा) असेल तर ६८. उरलेला कोंडा मिलकडेच राहतो. त्यातून खाद्यतेल निघते, म्हणून त्यालाही दर आहे.