'हळूहळू' म्हणजे किती हळू? मळई, झीज आणि कब्जा यांचे कायद्यातील अर्थ

'नदीने हळूहळू काठ खाल्ला', 'घर हळूहळू मोडकळीस आले', 'शेजाऱ्याने हळूहळू कुंपण पुढे सरकवले'. बोलीभाषेत या तिन्ही वाक्यांतील 'हळूहळू' एकच आहे. त्याचा अर्थ मंद गतीने. न्यायालयात मात्र हाच शब्द तीन निराळ्या प्रश्नांना जन्म देतो. बदलाला किती वर्षे लागली, एवढ्यावर कायदा थांबत नाही. बदल घडत असताना तो कोणाच्या लक्षात येऊ शकत होता काय, हेही तो विचारतो. जमिनीची मालकी अनेकदा या उत्तरावर ठरते.

मळई : न दिसणारी भर

नदी वाहून आणलेला गाळ काठाला लावते आणि काही वर्षांत तेथे नवी जमीन तयार होते. मराठीत तिला मळईची जमीन म्हणतात. ही जमीन कोणाची, हा प्रश्न रोमन विधिज्ञांनाही पडला होता. कोणत्या क्षणी किती भर पडली हे सांगता येऊ नये इतक्या संथपणे जमीन वाढली, तर ती काठच्या मालकाची, असे त्यांचे उत्तर होते. मात्र पुराने एका शेताचा ओळखू येणारा तुकडा तोडून दुसऱ्याच्या शेताला जोडला, तर तो मूळ मालकाचाच राहतो.

हाच भेद बंगालच्या १८२५ च्या अकराव्या विनियमात उतरला. क्रमाक्रमाने पडलेली भर ही काठच्या जमिनीचीच वाढ मानली गेली, तर नदीने एकाएकी पात्र बदलल्यास ओळख पटणारी जमीन मूळ मालकाकडे ठेवण्यात आली. पुढे १८७० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने लोपेझ विरुद्ध मदनमोहन ठाकूर या गंगाकाठच्या खटल्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. पाण्याखाली गेलेली जमीन त्याच जागी पुन्हा वर आली आणि ती जागा ओळखता आली, तर तिच्यावरील मूळ हक्क बुडत नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्येही याचे पडसाद आहेत. नदीकाठचे शेत गहाण असताना मळईने वाढले, तर ती वाढही कर्ज देणाऱ्या गहाणदाराच्या तारणात येते, असे उदाहरण कलम ७० खाली दिले आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेने आणखी वेगळी वाट धरली. जी मळई कायद्याने सरकारकडे जाते, तिच्यापैकी लहान क्षेत्रावर काठच्या भोगवटादाराला तात्पुरत्या वापराचा हक्क मिळतो. म्हणजे 'भर पडली' आणि 'मालकी मिळाली' या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात.

झीज : अपेक्षित हानी

'झीज' हा शब्द आपण चपलेपासून गुडघ्यापर्यंत कशालाही लावतो. भाडेपट्ट्याच्या कायद्यात त्याला नेमकी मर्यादा आहे. याच अधिनियमाच्या कलम १०८ नुसार, वेगळा करार नसेल तर पट्टेदाराने मालमत्ता घेतली त्याच स्थितीत परत करायची असते. अपवाद दोनच : वाजवी झीज आणि अनिवार शक्तीमुळे झालेला बदल. पहिला संथ, दुसरा बहुधा आकस्मिक. पायरीचा दगड वावराने गुळगुळीत झाला, ही झीज. पायरी फोडली, हे नुकसान. रंग उडाला की भिंत खरवडली, या वादात अनामत रक्कम अडकते. तिचा निकाल याच भेदावर लागतो.

कब्जा : दिसायलाच हवा असा बदल

येथे कायदा उलट दिशेला वळतो. मळईची भर डोळ्यांना न दिसणारी असावी लागते. प्रतिकूल कब्जा मात्र उघड असावा लागतो. मुदत अधिनियम, १९६३ नुसार खासगी स्थावर मालमत्तेवर असा कब्जा सुरू झाल्यापासून बारा वर्षांत मालकाने दावा केला नाही, तर त्याचा हक्क संपुष्टात येऊ शकतो. सरकारसाठी ही मुदत तीस वर्षांची आहे. यातही जुने सूत्र लागू आहे : कब्जा बळजबरीचा नको, चोरून नको आणि परवानगीचाही नको.

शेवटची अट गोव्यात विशेष महत्त्वाची. मुंबई, आखाती देश किंवा पोर्तुगालला गेलेल्या कुटुंबांची घरे नातेवाईक वा राखणदार सांभाळतात. परवानगीने राहणाऱ्याची वर्षे कितीही झाली, तरी केवळ काळ लोटल्याने तो मालक होत नाही. मुंडकाराची गोष्ट निराळी. त्याला १९७५ च्या मुंडकार कायद्याने स्वतंत्र संरक्षण दिले आहे. तेथे काळाच्या ओघाने पिकलेल्या हक्काचा प्रश्न नसतो.

खाजनाचा पेच

या सर्व अर्थांची गाठ खाजन जमिनीत पडते. मांडवी-जुवारीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध आणि मानशीने राखलेली ही शेती. बांध एका रात्रीत फुटतो, हा आकस्मिक बदल. तो वेळेत बुजवला नाही, तर भरतीचे पाणी रोज आत येते, गाळ बसतो, खारफुटी रुजते. हा संथ बदल. पाण्याखाली गेली म्हणून मालकी आपोआप संपत नसली, तरी २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार खारफुटीचे क्षेत्र अत्यंत संवेदनशील वर्गात मोडते. कागदावर नाव राहते, पण नांगर चालवण्याची मोकळीक उरेलच असे नाही.

म्हणून संथ बदलाविरुद्ध सर्वांत उपयोगी साधन म्हणजे तारीख. बांध फुटल्याच्या दिवसाचे छायाचित्र, कूळ संघटनेला आणि मामलेदाराला दिलेल्या लेखी अर्जाची पोच, एक-चौदाचा अद्ययावत उतारा, राखणदाराशी केलेला लेखी करार हे कागद वेळीच जमवावेत. वीस वर्षांनी 'हळूहळू झाले' असे सांगणारे पुष्कळ भेटतील. ते केव्हा सुरू झाले हे सिद्ध करण्याची वेळ येईल, तेव्हा असा एखादा कागदच उपयोगी पडेल.