सावित्री पुढच्या पिढीच्या हाती द्या!

नटाला गाजलेली भूमिका सोडवत नाही. ज्येष्ठ रंगकर्मी सुषमा देशपांडे यांनी मात्र ती सोडून दाखवली. 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग त्यांनी स्वतः लिहिला आणि १९८९ पासून वर्षानुवर्षे गावोगावी केला. पुढे हीच सावित्री त्यांनी तरुण अभिनेत्रींच्या स्वाधीन केली. उर्मिला पवार यांचे २००३ साली आलेले 'आयदान' हे आत्मकथनही त्यांनी रंगमंचावर आणले. बांबूची आयदाने विणणाऱ्या आईच्या या बौद्ध लेकीचे आयुष्य त्यात तिघींनी मिळून उभे केले. हे दुःख एकटीचे नाही, हे प्रेक्षकाला न सांगताच कळते.

आणि आपण? जयंतीची वर्गणी डीजेवर उधळतो! एकपात्री प्रयोगाला ना मोठे नाट्यगृह लागते, ना नेपथ्याचा खर्च. बुद्धविहाराचे अंगण पुरते. ३ जानेवारी २०३१ रोजी सावित्रीमाईंच्या जन्माला २०० वर्षे पूर्ण होतील. त्याआधी लेखिकेची रीतसर परवानगी घेऊन शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या लेकीने अहिराणीत, एखादीने पावरीत ही सावित्री उभी करावी. पुतळे शासन उभारील. सावित्रीला बोलती ठेवणे हे आपलेच काम आहे.