बोटीच्या इंजिनाचा रबरी पंखा

आपल्या मासेमारी बोटीचे इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड राहते. ते पाणी पंप ओढतो. पंपात छोटा रबरी पंखा असतो. त्याला इंपेलर म्हणतात.

बाहेर पडणारे पाणी कमी झाले, की आपण इंजिन बंद करू. पाणी आत घेणारा कॉकही बंद करू. नाहीतर बोटीत पाणी भरेल. मग पंपाचे झाकण काढू. जुना पंखा काढून त्याची पाती पाहू. एखादे तुटले असेल, तर तुकडा शोधलाच पाहिजे. तो नळीत अडकला, तर नवा पंखा घालूनही इंजिन तापणारच!

जुनी पाती ज्या बाजूला वाकली होती, त्याच बाजूला नवी वाकवू. झाकण घट्ट लावू. आधी कॉक उघडू, मगच इंजिन चालू करू. कोरडा पंखा लगेच जळतो.

एक जादा पंखा बोटीत ठेवू या. भर समुद्रात दुकान कुठले?