गाडीच्या वेळेतला अभ्यास

कॉलेज सुरू झालं की वेळेच्या नियोजनावर एखादं व्याख्यान ठरलेलं असतं. पहाटे उठा, दिवसाचा तक्ता करा, मोबाइल लांब ठेवा. तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवताना मला दिसतं ते असं, की समोरच्या बऱ्याच मुलांचा दिवस एसटीच्या फेऱ्यांनी आधीच ठरवून टाकलेला असतो. गावातली मुक्कामाची गाडी पहाटे निघते, ती धरावीच लागते. संध्याकाळची साडेपाचची चुकली, तर पुढची थेट रात्री. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास असतो. पदवीला आल्या की भाड्याचा साधारण तिसरा हिस्सा भरून तो दर महिन्याला काढायचा.

मीही त्याच स्टँडवरून ये-जा करतो. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी तिथे रोज दिसते. तिने कामं घड्याळावर नाही, जागेवर वाटली आहेत. स्टँडवरच्या बाकावर लिखाण: जर्नल, आकृत्या, निरीक्षणांचे रकाने. गाडीत अक्षर हलतं, म्हणून तिथे पाठांतर. व्याख्या स्वतःच्याच आवाजात मोबाइलवर भरून ठेवल्या आहेत, इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, दुसरं मैत्रिणीच्या. घरी पोचल्यावर पाणी, भाकऱ्या, धाकट्या भावाचा अभ्यास. जेवणं उरकल्यावर जो तासभर मिळतो तो फक्त गणितांसाठी, कारण त्याला सलग शांतता लागते.

प्रॅक्टिकलला तिचं काम बघण्यासारखं असतं. टायट्रेशनमध्ये घाई फार महागात पडते. चार वाजून गेले की मुलं ब्युरेटची तोटी मोकळी सोडतात, फ्लास्कमधलं द्रावण एकदम गडद गुलाबी होतं, की पुन्हा पिपेट भरण्यापासून सुरुवात. ही मुलगी उद्दिष्ट, सूत्र, रासायनिक समीकरण आदल्या दिवशीच लिहून आणते. आल्या आल्या ब्युरेट धुऊन, सोड्याच्या द्रावणाने विसळून भरते. पहिलं रीडिंग सरळ अंदाजाचं. समजा ते दहा मिलीच्या आसपास आलं, तर पुढच्या वेळी नऊपर्यंत तोटी बिनधास्त उघडी, आणि तिथून थेंब थेंब. फ्लास्क हलवत राहायचं, फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचं. रीडिंग जुळतात, आणि चारच्या आत तिची गणनाही झालेली असते. कुठे धावायचं आणि कुठे सावकाश घ्यायचं, हे तिला नेमकं कळलेलं आहे.

पण सगळा भार मुलांवरच का टाकायचा? नव्या अभ्यासक्रमात थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. हे जादा तास बहुतेक दुपारनंतरच पडतात, आणि हजेरीची ७५ टक्क्यांची अट सगळ्यांना सारखी. वेळापत्रक करताना आपण प्रयोगशाळा रिकामी कधी आणि शिक्षक मोकळे कधी, एवढंच पाहतो. बॅचेस पडतात रोल नंबरने. त्याऐवजी एका मार्गावरची मुलं एका बॅचमध्ये घेतली आणि लांबच्या गावांना सकाळचं प्रॅक्टिकल दिलं, तर शेवटच्या अर्ध्या तासात सारखं घड्याळाकडे बघणं थांबेल. त्यासाठी ना जादा खर्च, ना कुणाची मंजुरी. प्रवेश अर्जात फक्त एक रकाना वाढवावा लागेल: गावाकडे जाणारी गाडी किती वाजता? विभागाच्या बैठकीत मी तशी लेखी मागणी दिली आहे.