गिअरबॉक्स दुरुस्त झाला, पण तेलाचे काय?

अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरला, गिअर न बदलता चालणारे वाहन नवे नाही. १९७२ साली बाजारात आलेली कायनेटिकची 'लुना' याच शहरात तयार होत असे. मूठ पिळली की ती चालू लागे. आता तीच सोय मोटारीत आली आहे. शिर्डी, शनिशिंगणापूरला येणाऱ्या भाविकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांमध्येही ऑटोमॅटिक मोटारी दिसतात. त्यातली एखादी जुनी गाडी कर्ज काढून घेतली जाते आणि घराचा हप्ता, मुलांची फी, दवाखाना सारे तिच्या चाकांवर चालते.

अशा गाडीचा गिअरबॉक्स निकामी झाला तर तो उघडून नव्याने बांधण्याचा खर्च साध्या गिअरबॉक्सपेक्षा कितीतरी जास्त येतो. एवढे पैसे मोजल्यावर निदान पुढची काही वर्षे निर्धास्त जावीत, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु केवळ तेलाकडे दुर्लक्ष झाल्याने चांगले झालेले काम पुन्हा बिघडू शकते. म्हणून मालक, ड्रायव्हर आणि गॅरेजमध्ये काम शिकणारी मुले या तिघांनीही हा विषय समजून घेतला पाहिजे.

हे तेल म्हणजे एक सुटा भागच

इंजिनातले तेल मुख्यतः घर्षण कमी करते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलाला मात्र एकाच वेळी अनेक कामे करावी लागतात. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे तेच नेते. आतल्या क्लच प्लेटा त्याच्याच दाबाने आवळल्या जातात. दाते आणि बेअरिंगे तेच ओली ठेवते आणि उष्णताही तेच बाहेर काढते. शिवाय प्लेटांची पकड टिकावी इतके घर्षण त्याने राखले पाहिजे. फार निसरडे झाले तर गिअर घसरतो, फार चिकट झाले तर गाडी धक्के देते.

हा तोल आत मिसळलेल्या द्रव्यांमुळे साधतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत त्यासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल वापरत. देवमाशांच्या रक्षणासाठी त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरा पर्याय शोधावा लागला. यावरून हे तेल किती विचारपूर्वक बनवावे लागते ते लक्षात येईल. 'कोणतेही लाल ऑइल चालते' हे म्हणणे साफ चूक आहे. लाल रंग फक्त ओळखीसाठी असतो, गळती कुठून होते ते कळावे म्हणून.

नवे तेल पुन्हा का बदलायचे?

'आत्ताच तर नवे तेल टाकले, मग हजार किलोमीटरला पुन्हा खर्च कशाला?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर सोपे आहे. नव्या प्लेटा एकमेकींवर बसताना त्यांचा बारीक भुगा निघतो. जोडणीच्या वेळी लावलेले वंगण तेलात विरघळते. जुन्या बिघाडाचा कचरा कुलर आणि त्याच्या नळ्यांत अडकलेला असेल, तर तोही सुटून येतो. या साऱ्या घाणीसह ते पहिले तेल आत फिरत राहते आणि वाल्व्हच्या अरुंद वाटा अडवते. पहिले तेल हे जणू आतली धुलाई करणारे तेल असते. म्हणूनच अनेक जाणकार मिस्त्री ५०० ते १,००० किलोमीटरच्या आत ते बदलायला सांगतात. आपल्या मिस्त्रीने किंवा कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा.

दुसरी गोष्ट अशी की, चेंबरचा नट काढल्यावर सगळे तेल निघत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टर आणि कुलरमध्ये राहते. गाडीनुसार साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे तेल बाहेर येते. त्यामुळे एका वेळच्या बदलाने काम पुरे होत नाही. थोडे अंतर चालवून पुन्हा एकदा बदलल्यास आतले तेल बरेच स्वच्छ होते.

काम करताना

गाडी सपाट जागी, भक्कम स्टँडवर उभी करावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. तेल कोमट असताना काढावे, कढत असताना नाही. निघालेले तेल मोजावे. चेंबर उघडून फिल्टर आणि पॅकिंग बदलावे, चुंबक पुसावे. चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. मात्र चकाकणारे तुकडे किंवा प्लेटांचे काळे कपचे दिसले, तर गाडी पुढे न चालवता मिस्त्रीला दाखवावी. तेलाला जळका वास येणे हेही वाईट लक्षण होय. ते दुधाळ गुलाबी झाले असेल तर पाणी शिरले, असे समजावे. रेडिएटरमधला कुलर फुटला की असे होते.

मोजले तेवढे तेल भरून इंजिन चालू करावे, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खुणेवर थोडा वेळ ठेवावी आणि मग पातळी पाहावी. ही पातळी बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, ठरलेल्या तापमानाला पाहतात. काही गाड्यांत मात्र इंजिन बंद करून पाहायची असते. म्हणून गाडीबरोबर मिळालेले पुस्तक वाचावे. तेल कमी पडणे आणि जादा होणे, दोन्ही घातकच.

आपल्या भागातला उन्हाळा, करंजी किंवा चंदनापुरी घाटातली चढण आणि गर्दीतले रेंगाळणे यांनी तेल लवकर तापते आणि लवकर थकते. 'हे तेल आयुष्यभर पुरते' या बोलण्यावर भाड्याच्या गाडीने विसंबू नये.

सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात

२०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली, तेव्हापासून स्वस्त 'ऑटोमॅटिक' गाड्या वाढल्या. पण त्यांतला एएमटी हा साधाच गिअरबॉक्स असतो. त्याचा क्लच यंत्र दाबते आणि गिअरही तेच बदलते, एवढेच. त्याला गिअर ऑइल लागते. सीव्हीटी गाडीला तिचे खास तेल लागते. एकाचे तेल दुसऱ्यात घातले तर हजारोंचे नुकसान ठरलेले. डब्यावर कंपनीने सांगितलेला दर्जा लिहिलेला आहे का, ते आधी वाचावे.

काढलेले तेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्याने जमीन आणि पाणी नासते. डब्यात साठवून ते परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यावे.

वहीत नोंद, हातात बिल

घरचा हिशेब बहुधा आई, बहीण किंवा पत्नी ठेवते. तिने गाडीसाठी एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, कोणते तेल, किती लिटर, फिल्टर बदलला की नाही, एवढे चार ओळींत लिहावे. गॅरेजकडून हाच तपशील लिहिलेले पक्के बिल घ्यावे, हमीची मुदतही त्यावर मागून घ्यावी. पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा ठरते. काम सदोष निघाले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तिथे तोंडी बोलण्यापेक्षा बिलाचा कागद कामी येतो.

दोन वेळचे जास्तीचे तेल म्हणजे काही हजार रुपये. गिअरबॉक्स पुन्हा उघडावा लागला तर त्याच्या कितीतरी पट रक्कम जाते, शिवाय गाडी गॅरेजमध्ये उभी राहील तेवढ्या दिवसांची कमाई बुडते ती वेगळीच.